'स्टारबोर्ड' म्हणजे उजवी बाजू, मग जहाज डावीकडे का वळले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 1880च्या सुमारास छापलेल्या एका इंग्रजी सागरी प्रवासवर्णनाचे तुम्ही मराठीत भाषांतर करत आहात. शब्दकोशात स्टारबोर्डचा अर्थ 'जहाजाची उजवी बाजू' असा आहे. पुस्तकात उजव्या हाताला फेसाळलेला खडक दिसताच कप्तान ओरडतो, "हार्ड अ-स्टारबोर्ड!" आणि पुढच्याच वाक्यात जहाज डावीकडे वळून वाचते. लेखक चुकला की शब्दकोश, असे तुम्ही विचारले आहे. जोडीला दोन उपप्रश्न आहेत: या शब्दात तारा कुठून आला, आणि डाव्या बाजूला 'पोर्ट', म्हणजे बंदर, का म्हणायचे?

लेखकही बरोबर आहे आणि शब्दकोशही. मी 32 वर्षे व्यापारी जहाजांवर काढली, त्यातली शेवटची 11 कप्तान म्हणून, आणि आता डेकवर जाणाऱ्या मुलांना शिकवतो. हे शब्द मी रोज वापरले आहेत, त्यांची कुळे मात्र नंतर हौसेने शोधली. म्हणून आधी वापराचे सांगतो, मग उगमाचे. तुमची गाठ उगमात शिरल्याशिवाय सुटणार नाही, कारण ती उगमातच पडलेली आहे.

खरी अडचण स्टारबोर्डचा अर्थ काय ही नाही. तो एकच शब्द निरनिराळ्या गोष्टींना चिकटलेला आहे: कधी जहाजाच्या अंगाला, कधी सुकाणूच्या दांड्याला, कधी वाऱ्याला, कधी खलाशांच्या पाळीला. शब्दकोश यांतला पहिला अर्थ देतो. तुमच्या कप्तानाच्या तोंडी दुसरा आहे.

पहिल्यापासून सुरुवात करू. स्टारबोर्ड म्हणजे 'उजवीकडे' नव्हे. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिल्यावर जी बाजू उजव्या हाताला येते, ती जहाजाची स्टारबोर्ड बाजू. तुम्ही मागे वळलात तरी ती स्टारबोर्डच राहते, जरी आता ती तुमच्या डाव्या हाताला असली तरी. वर्गात हे सांगताना मी कालव्याचे उदाहरण देतो. बारामती-इंदापूरकडे पाणी नेतो तो नीरेचा डावा कालवा आणि फलटण-माळशिरसकडे जातो तो उजवा. तुम्ही नदीच्या कुठल्या काठावर उभे आहात, कुठे तोंड करून बोलता आहात, याने कालव्याचे नाव बदलत नाही. नदी जिकडे वाहते तिकडे तोंड करून ते एकदा ठरले, ते ठरले. डावा कालवा हे जसे नाव आहे, वर्णन नाही, तसेच स्टारबोर्ड हे जहाजाच्या एका अंगाचे नाव आहे.

साधे डावे-उजवे जहाजावर का चालत नाही, हे मी एका संध्याकाळी शिकलो. तेव्हा मी सेकंड ऑफिसर होतो आणि जहाज धक्क्याला लावताना मागच्या टोकाला दोरांवर माझी नेमणूक होती. मागचे टोक म्हणजे सगळे लोक धक्क्याकडे आणि पाण्याकडे, म्हणजे जहाजाच्या मागच्या दिशेला, तोंड करून उभे. पुढून घाईत निरोप आला: लेफ्टवाला दोर सैल सोडा. विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या-सोडायच्या यंत्रावर, एक नवा मुलगा होता. त्याने आपल्या डाव्या हाताचा दोर सोडला, म्हणजे जहाजाच्या उजव्या बाजूचा. ज्या दोरावर जहाजाचा भार धरून ठेवलेला होता नेमका तोच. दोर भस्सकन धावला, पायाशी उभा असलेला एक खलाशी उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. मुलाने काहीही चूक केली नव्हती. त्याला सांगितलेला शब्दच चुकीचा होता. त्या दिवसापासून माझ्या डेकवर कुणी लेफ्ट-राइट म्हटलेले मी चालवून घेतले नाही.

आता उगम. ताऱ्याचा या शब्दाशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'स्टेओरबोर्ड' असा होता. 'स्टेओर' म्हणजे वळवणे, सुकाणू धरणे. आजच्या 'स्टिअरिंग'मध्ये तेच मूळ आहे. 'बोर्ड' म्हणजे लाकडी फळी आणि त्यावरून जहाजाची फळ्यांनी बांधलेली बाजू. मराठीलाही ही वाट परकी नाही. 'फळी' हा शब्द लाकडापासून निघून 'विरोधकांची फळी' आणि क्रिकेटमधल्या 'मधल्या फळी'पर्यंत पोचला आहे. तेव्हा स्टारबोर्ड म्हणजे सुकाणूची फळी, सुकाणूची बाजू.

पण सुकाणू तर जहाजाच्या मागे, मधोमध असते, मग त्याची बाजू कशी? पूर्वी ते मधोमध नव्हते, हेच याचे उत्तर. उत्तर युरोपातल्या जुन्या जहाजांना मागच्या भागात एका बाजूला, उजवीकडे, रुंद पात्याचे मोठे वल्हे बांधलेले असे. तेच सुकाणू. योगायोग पाहा, तुमचे पुस्तक ज्या काळात छापले गेले त्याच सुमारास, 1880 साली, नॉर्वेत गोकस्टाड इथे एका मातीच्या ढिगाऱ्याखाली व्हायकिंगांचे जवळजवळ 23 मीटर लांबीचे जहाज सापडले. आमचे जहाज ओस्लोला लागले असताना मी ते मुद्दाम जाऊन पाहिले. मागच्या उजव्या अंगाला लाकडाचा एक गोल उंचवटा बसवलेला आहे आणि त्याला टेकून ते सुकाणूचे वल्हे उभे आहे. डावे अंग मोकळे. त्या जहाजाची उजवी बाजू कुठली, हे सांगायला कुणाच्याही हाताची गरज नाही. सुकाणू जिकडे, ती स्टारबोर्ड.

उजवीकडेच का? बहुतेक माणसे उजव्या हाताची, आणि जोर लागणारे काम उजव्या हाताला सोपे, हे त्याचे सर्वमान्य कारण आहे. मला त्यात शंका घ्यायला जागा दिसत नाही, कारण वल्ह्याने होडी वळवताना मी स्वतः नकळत उजवी बाजू धरतो.

या शब्दाच्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक तुम्हाला भाषांतरकार म्हणून आवडेल. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर टोकाकडचा ओहथेरे नावाचा एक दर्यावर्दी इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या दरबारी आला आणि आपल्या सफरीची हकिगत सांगून गेला. त्या काळात ओरोसियस या जुन्या इतिहासकाराच्या लॅटिन इतिहासाचे इंग्रजीत भाषांतर चालले होते, त्यात ही हकिगत घालण्यात आली. ओहथेरे सांगतो की तो किनाऱ्याने उत्तरेकडे निघाला आणि तीन दिवस ओसाड जमीन 'स्टेओरबोर्ड'ला आणि मोकळा समुद्र 'बॅकबोर्ड'ला ठेवून गेला. नॉर्वेचा नकाशा समोर धरा. उत्तरेकडे जाताना जमीन उजव्या हाताला, पूर्वेला. समुद्र डावीकडे, पश्चिमेला. अकराशे वर्षांपूर्वीचे वाक्य आजच्या नकाशावर तंतोतंत बसते.

यातला 'बॅकबोर्ड' म्हणजे पाठीची फळी. सुकाणूधारी दोन्ही हातांनी उजवीकडचे वल्हे धरून उभा राहिला की त्याची पाठ डाव्या बाजूला होते, म्हणून ते नाव, असे मानले जाते. इंग्रजीतून हा शब्द गेला, पण शेजाऱ्यांनी तो टिकवला. जर्मन 'बाकबोर्ड', डच 'बाकबोर्ट', फ्रेंच 'बाबोर', स्पॅनिश 'बाबोर', पोर्तुगीज 'बॉम्बोर्दु' ही सगळी त्याचीच भावंडे. उजव्या बाजूचे पोर्तुगीज 'एस्तिबोर्दु' आणि फ्रेंच 'त्रिबोर' नीट ऐका, त्यात घासून गेलेला स्टारबोर्डच आहे.

मग इंग्रजीत डाव्या बाजूचे काय झाले? तिथे कारण धक्क्याचे आहे. सुकाणू उजव्या बाजूला बाहेर लटकलेले. ती बाजू धक्क्याला लावली तर सुकाणू चिरडणार. म्हणून जहाज नेहमी डाव्या अंगाने धक्क्याला लावायचे आणि माल त्याच बाजूने चढवायचा. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत डाव्या बाजूला 'लाडेबोर्ड' अशा धर्तीचा शब्द दिसतो. 'लेड' म्हणजे माल लादणे, तेव्हा ती माल लादायची बाजू, असा त्याचा उलगडा करतात. आपले 'लादणे' त्याच्या किती जवळ वाटते! पण हा निव्वळ ध्वनीचा योगायोग समजा, त्यावर काही उभारू नका. पुढे स्टारबोर्डच्या जोडीला बसावा म्हणून त्याची ओढाताण होत होत सोळाव्या शतकापर्यंत तो 'लारबोर्ड' झाला.

स्टारबोर्ड आणि लारबोर्ड. हे दोन शब्द वादळात, शिडे फडफडत असताना, वीस हातांवरून ओरडून पाहा. दोन्हींचा शेवट एक, मधला स्वर एक. फरक फक्त सुरुवातीच्या आवाजात, आणि वारा आधी तोच खातो. सुकाणूवरच्या माणसाला हुकूम देताना म्हणूनच सतराव्या शतकापासून 'लारबोर्ड'ऐवजी 'पोर्ट' म्हणायची चाल होती. तुम्हाला वाटले तसा त्याचा बंदराशी संबंध आहे, कारण बंदराच्या अंगाला लागणारी ती बाजू. माल घेण्यासाठी जहाजाच्या कडेला जे दार असे त्यालाही पोर्टच म्हणत, आणि काही जण उगम तिकडे नेतात. दोन्ही वाटा शेवटी धक्क्यावरच येतात, त्यामुळे भाषांतराला फरक पडत नाही. 1844च्या नोव्हेंबरात ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून 'लारबोर्ड' बंद केला आणि सगळीकडे 'पोर्ट' सक्तीचा केला. अमेरिकी नौदलाने 1846 मध्ये तेच केले.

इथपर्यंत आलो तर एक गोष्ट उरकून घेतो, कारण पोर्ट-स्टारबोर्ड म्हटले की कुणीतरी ती सांगतेच. 'पॉश' हा शब्द म्हणे मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश बोट कंपनीच्या तिकिटांवरून आला: इंग्लंडहून येताना पोर्टकडची, परतताना स्टारबोर्डकडची सावलीतली केबिन मिळवणारे श्रीमंत लोक, आणि 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. गोष्ट गोड आहे, पण असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. त्या बोटींवर डेकला रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी असत, आणि जेवणघरात गोव्याचे लोक. त्यांचा इतिहास खरा आहे आणि तो फार थोडा लिहिला गेला आहे. तिकिटाच्या दंतकथेपेक्षा मला त्यात जास्त जीव वाटतो. तुमच्या तळटिपांत 'पॉश' आणू नका.

आता तुमच्या मुख्य गाठीकडे. साधारण बाराव्या-तेराव्या शतकात उत्तर युरोपात सुकाणू बाजूवरून निघून मागच्या टोकाला, मधोमध आले. बाजूचे नाव मात्र स्टारबोर्डच राहिले. हे नवे सुकाणू फिरवायला त्याच्या डोक्यावर एक आडवा दांडा असे, जहाजाच्या आत, पुढच्या दिशेला आलेला. कोकणात मासेमारीची लहान होडी कुणी चालवताना पाहिली असेल तर हे लगेच समजेल. दांडा उजवीकडे रेटला की पाण्यातले पाते डावीकडे जाते आणि होडीचे नाक डावीकडे वळते. दांडा आणि नाक नेहमी विरुद्ध.

कप्तानाचा हुकूम या दांड्याला उद्देशून असे. "हार्ड अ-स्टारबोर्ड" याचा अर्थ 'दांडा पार उजव्या बाजूला न्या', आणि परिणाम म्हणजे जहाज डावीकडे. दांडा हातात धरलेल्या माणसाला असा हुकूम अगदी सरळ होता, कारण त्याच्या हाताने काय करायचे तेवढेच त्यात सांगितलेले असे. अठराव्या शतकात मोठ्या जहाजांवर दांड्याऐवजी चाक आले. चाक दोरांनी खालच्या दांड्याला जोडलेले. तरीही हुकूम जुनाच राहिला. तुमच्या पुस्तकाच्या काळी असे घडत होते: कप्तान "स्टारबोर्ड" ओरडे, सुकाणूवाला चाक डावीकडे फिरवी, खाली दांडा उजवीकडे जाई, पाते डावीकडे, आणि जहाज डावीकडे. एका शब्दावर चार हालचाली, आणि त्यांतली फक्त दांड्याची हालचाल त्या शब्दाप्रमाणे. ज्या दांड्याला उद्देशून हुकूम दिला जाई तो आता कुणाच्या डोळ्यांसमोरही नव्हता.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे टायटॅनिक. 14 एप्रिल 1912च्या रात्री हिमनग दिसताच फर्स्ट ऑफिसर मर्डॉक याने दिलेला हुकूम "हार्ड अ-स्टारबोर्ड" हाच होता, असे सुकाणूवर असलेल्या हिचेन्स याने चौकशीत सांगितले. जहाज डावीकडे वळले, आणि हिमनग घासला तो उजव्या अंगाला. हुकूम उजवीकडचा आणि जहाज डावीकडे, म्हणजे कुणाचा तरी गोंधळ झाला, असा समज अनेक वाचकांचा होतो. त्या काळच्या रीतीप्रमाणे हुकूम आणि वळण यांचा मेळ पूर्ण बसतो.

ही रीत बदलायला लंडनमधली 1929 सालची समुद्रावरील सुरक्षेची परिषद व्हावी लागली. हुकूम सरळ द्यावा, म्हणजे स्टारबोर्ड म्हटले की चाक, पाते आणि जहाजाचे नाक तिन्ही उजवीकडे, असे तिथे ठरले. ब्रिटिश जहाजांवर हे 1933च्या पहिल्या दिवसापासून लागू झाले. शंभर वर्षेसुद्धा झालेली नाहीत. मी कॅडेट असताना पहिल्यांदा चाक धरले तेव्हा माझ्या बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, सांगितले होते की त्याच्या वडिलांना हा बदल अंगवळणी पडायला दोन सफरी लागल्या. आज सुकाणूवाला प्रत्येक हुकूम मोठ्याने परत उच्चारतो आणि मगच चाक फिरवतो. "पोर्ट टेन" ऐकले की तो "पोर्ट टेन" म्हणतो, पाते दहा अंशांवर आले की पुन्हा सांगतो. शब्द आणि कृती यांत जराही फट राहू नये, यासाठी ही शिस्त.

म्हणून तुमच्यासाठी पुस्तकाचा काळ पाहणे सर्वात महत्त्वाचे. कथा 1844च्या आधीची असेल तर 'लारबोर्ड' भेटेल. 1933च्या आधीची असेल तर बाजूचा उल्लेख सरळ घ्यायचा आणि सुकाणूचा हुकूम उलटा. नंतरची असेल तर दोन्ही सरळ. मात्र हे ब्रिटिश जहाजांचे झाले. कथेतले जहाज दुसऱ्या देशाचे असेल तर तारीख पुढेमागे होते. अमेरिकी नौदलाने तर हा बदल पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच केला होता. शिवाय लेखक स्वतः दर्यावर्दी होता की किनाऱ्यावर बसून लिहिणारा, यावरही थोडे अवलंबून आहे. तुमच्या उताऱ्यात खडक उजवीकडे, हुकूम स्टारबोर्डचा आणि वळण डावीकडे, हे तिन्ही जुळते आहे. ज्याला माहीत आहे असा माणूस ते लिहितो आहे, तेव्हा त्याच्यावर निर्धास्त विसंबा.

आणखी दोन खाचखळगे सांगून ठेवतो. शिडाचे जहाज 'स्टारबोर्ड टॅक'वर आहे असे वाक्य आले तर ते जहाज उजवीकडे चालले आहे असे लिहू नका. त्याचा अर्थ वारा उजव्या अंगाकडून येतो आहे. म्हणजे शिडे डावीकडे फुगलेली आणि जहाज डावीकडे कललेले. मराठीत 'वारा उजव्या अंगावर घेऊन' एवढे म्हटले की पुरते. दुसरा खळगा 'स्टारबोर्ड वॉच'चा. शिडाच्या जहाजांवर खलाशांच्या दोन टोळ्या पाडून त्यांना आळीपाळीने कामाला लावत. एकीला स्टारबोर्ड आणि दुसरीला पोर्ट, जुन्या काळी लारबोर्ड, म्हणत. ही माणसे जहाजाच्या उजव्या कडेला पहाऱ्यावर उभी नसतात. व्यापारी जहाजांवर स्टारबोर्डची टोळी कप्तानाची मानली जाई आणि त्याच्या वतीने ती सेकंड मेट सांभाळी (मेट म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी). पोर्टची टोळी मोठ्या मेटकडे. 'उजवा पहारा' असे भाषांतर वाचकाला भलतीकडे नेईल. 'कप्तानाची पाळी' आणि 'मेटची पाळी' म्हणा, त्यात अर्थ पूर्ण येतो.

आता मराठी शब्द कोणता घ्यावा? बाजूसाठी निवेदनात 'जहाजाचे उजवे अंग' आणि 'डावे अंग' मला सर्वात नैसर्गिक वाटते. 'अंग' म्हटले की ते जहाजाचे होते, बघणाऱ्याचे राहत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या तोंडी स्टारबोर्ड आणि पोर्ट तसेच ठेवा, पहिल्या वेळी वाक्याच्या ओघात उलगडा करून. पण तुमच्या पुस्तकात हिंदी खलाशी असतील, आणि मुंबई-कलकत्त्याला ये-जा करणाऱ्या जहाजावर ते असणारच, तर त्यांच्या तोंडी इंग्रजी शब्द घालू नका. त्यांची स्वतःची डेकवरची बोली होती, अरबी, फारसी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी, गुजराती यांची मिसळ असलेली. टॉमस रोबक याने 1811 साली कलकत्त्याला तिचा एक कोशच छापला. त्या बोलीत उजव्या बाजूला 'जमना' आणि डाव्या बाजूला 'डावा' म्हणत. जमना म्हणजे नदी नव्हे. गुजरातीत उजव्याला 'जमणा' म्हणतात, तो शब्द. 'डावा' तर आपलाच. स्टारबोर्ड-लारबोर्डसारखा घोळ या जोडीत नाही, कितीही वारा असला तरी दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात.

त्याच बोलीत चाकावर उभा राहणारा तो 'सुकानी'. इंग्रजांनी त्याचे 'सीकनी' केले, म्हणजे जणू समुद्राशी नाते असलेला इंग्रजी शब्दच. मूळ अरबी 'सुक्कान', अर्थ सुकाणू. मराठीतले 'सुकाणू'ही तिथलेच. आपण 'सुकाणू समिती' नेमतो आणि 'पक्षाचे सुकाणू हाती घेतले' असे लिहितो तेव्हा अरबी दर्यावर्द्यांचा शब्द वापरत असतो. म्हणून स्टारबोर्ड या शब्दाचा उगम एका दमात सांगायचा झाला तर 'सुकाणूची बाजू' याहून नेमके मराठी मला सुचत नाही. उगमाचे तिथे सांगा. प्रत्येक पानावर मात्र 'सुकाणूची बाजू' लिहू नका, कारण 1880च्या जहाजावर सुकाणू त्या बाजूला नव्हते.

राहिला तुमचा तो हुकूम. "उजवीकडे वळव!" असे लिहिले तर चूक, आणि "डावीकडे वळव!" असे लिहिले तर वाचकाला परिणाम बरोबर कळतो पण त्या काळचा आवाज जातो. मी असे करीन:

"दांडा उजवीकडे! पार उजवीकडे!" कप्तान ओरडला. सुकाणीने भराभर चाक फिरवले, खाली दांडा उजव्या अंगाला गेला, आणि जहाजाचे नाक हळूहळू खडकापासून डावीकडे सरकू लागले.

मूळ वाक्यात दांड्याचा उल्लेख नसेल, तरी 1880च्या इंग्रज वाचकाला तो न सांगता कळत होता. आपल्या वाचकाला तो एकदा सांगावा लागतो. एकदा सांगितला की पुढच्या हुकुमांना नुसते "दांडा डावीकडे" पुरेल.

छापायला देण्याआधी सुकाणूचा प्रत्येक हुकूम दिव्यांशी घासून पाहा. त्या काळी रात्रीच्या जहाजांना पोर्टला लाल आणि स्टारबोर्डला हिरवा दिवा असे. आजही तसाच असतो, विमानाच्या पंखांवरसुद्धा. समोरून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसतो आहे असे लेखकाने लिहिले असेल तर त्या जहाजाचे डावे अंग तुमच्याकडे आहे. आणि समोरासमोर आलेली दोन्ही जहाजे नियमाप्रमाणे उजवीकडे वळायला हवीत, म्हणजे लाल दिव्यासमोर लाल दिवा ठेवून एकमेकांना ओलांडतील. तेव्हा अशा प्रसंगी तुमचा कप्तान "पोर्ट" ओरडताना दिसेल आणि जहाज उजवीकडे जाईल. तसेच लिहा. कुठे हे जुळत नसेल तर तो उतारा इथे टाका, आजूबाजूच्या दोन-तीन वाक्यांसकट आणि वारा कुठून आहे तेही सांगून. एकट्या हुकुमावरून मला काही ठरवता येणार नाही.